"समजलं का?" – "होऽऽ बाई!"



चौथीच्या वर्गात वाहतुकीचा पाठ चालू होता. एका मुलाने विचारलं, "बाई, आकाशात सिग्नल नसतो. मग वर चढणारं विमान दुसऱ्या विमानाला धडकत नाही का?" उत्तर शोधता शोधता मीच शिकले.

आकाशातले रस्ते इमारतीच्या मजल्यांसारखे असतात. वरच्या आणि खालच्या विमानात साधारण १००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर अंतर ठेवतात. उड्डाणानंतर कुठपर्यंत चढायचं हे नियंत्रण कक्ष सांगतो. वैमानिक नुसतं "हो" म्हणत नाही, तो आकडा परत म्हणून दाखवतो. चुकला तर नियंत्रक तिथेच दुरुस्त करतो. मग एक वैमानिक तो आकडा यंत्रात भरतो, दुसरा बघून खात्री करतो. शेवटचे १००० फूट उरले की तेही मोठ्याने बोलून एकमेकांना सावध करतात.

एवढं सगळं कशासाठी? १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ आठवा. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं विमान चढत होतं. त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांची मर्यादा दिली होती. पण ते त्याहून खाली आलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं धडकली. ३४९ माणसं गेली. कोणीही वाचलं नाही.

कझाक विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. बोलणाऱ्याच्या समोर उंची दाखवणारं यंत्रच नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागायचं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवरही विमानाची उंची दिसत नव्हती. म्हणजे नियंत्रकाचा सगळा भरवसा कानावर पडलेल्या शब्दांवर! नंतर जवळ आलेल्या विमानाची सूचना देणारं आणि "वर जा, खाली जा" सांगणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं.

हे वाचताना मला माझाच वर्ग दिसला. मी विचारते, "समजलं का?" सगळे एका सुरात, "होऽऽ बाई!" मागे मी गणितं वहीत सोडवून आणायला सांगितली. एका मुलीने ती सुंदर अक्षरात नुसती उतरवून आणली. सोडवलं एकही नाही. विचारलं तर म्हणाली, "परत विचारलं तर रागावाल असं वाटलं."

चूक तिची नव्हती, माझी होती.

माझं स्पष्ट मत आहे की "समजलं का?" हा प्रश्न आपण कमी करावा. त्याऐवजी म्हणावं, "काय करायचंय ते तू तुझ्या शब्दांत सांग." आणि तेवढ्यावर न थांबता पहिलं गणित सोडवताना वहीत डोकवावं. चाळीस मुलं असताना वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मलाही पडतो. मी रोज तीन-चार मुलांनाच विचारते, पण दररोज वेगळ्या.

पालकांनाही एक विनंती. "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" हे वाक्य घरातून काढून टाका. त्याने मूल लक्ष द्यायला शिकत नाही, खोटं "हो" म्हणायला शिकतं. हजारो तास उड्डाण केलेला वैमानिकही सूचना परत म्हणून दाखवतो. मग आठ-नऊ वर्षांच्या लेकराने परत विचारलं तर त्यात कमीपणा कसला?