ससाला की सशाला?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे स्क्रीनसमोर बसायला बंदी होती. ती आता उठली. आज लिहिणार आहे ते थोडं व्याकरणाबद्दल आहे. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. खरं तर ही माझीच एक कबुली आहे.

माझा धाकटा मुलगा कार्डिफला असतो. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. ब्रिटनचाच भाग, पण तिथली मूळ भाषा वेगळी, वेल्श. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो कुटुंबासह नगरला आला होता. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला पन्नास-साठ वर्षांची सवय आहे, समजून घ्या.) नात तेव्हा सात वर्षांची. शेजाऱ्यांकडे पाळलेले ससे होते. ती धावत आली आणि म्हणाली, "आबा, मी ससाला गाजर दिलं!"

घरभर हशा पिकला. मी मास्तर. लगेच म्हणालो, "ससाला नाही बाळ, सशाला."

ती थबकली. "पण ससा आहे ना? मग सा चा शा का झाला?"

तेहतीस वर्षं मराठी शिकवलेला, मराठी घेऊन बी. ए. झालेला मी म्हणालो, "असंच असतं ते."

दुसऱ्या दिवशी ती "पाऊसात भिजले" म्हणाली, पुन्हा हसणं, पुन्हा "पावसात म्हण". असं चार-पाच वेळा झालं. पुढे तिनं माझ्याशी मराठीत बोलणं बंद केलं. रागावून नाही, हळूहळू. फोनवर "हाय आबा, आय ॲम फाइन" एवढंच. आम्ही सगळ्यांनी निष्कर्ष काढला, तिकडची मुलं, मराठी कुठून येणार! दोष आमचा असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत व्हिडिओ कॉलवर सहज शाळेची चौकशी केली. वेल्समध्ये सगळ्या सरकारी शाळांत सोळा वर्षांपर्यंत वेल्श शिकावीच लागते. ती म्हणाली, "आबा, वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं!" आणि तिनं मला मांजर शिकवलं.

मांजर म्हणजे 'काथ'. पण तुझं मांजर म्हणायचं तर 'द गाथ'. माझं मांजर, 'व ङ्हाथ'. त्याचं मांजर 'इ गाथ' आणि तिचं मांजर 'इ खाथ', त्यातला ख घशातून घासत काढायचा. मांजर एकच, पण मालक बदलला की क चा ग होतो, ङ होतो, ख होतो. शब्दकोशात 'गाथ' शोधाल तर सापडणार नाही, क मध्ये शोधावं लागतं.

मी खुर्चीतून उठलोच! क, ख, ग, ङ. अहो, हा तर आपला क वर्ग! मग तिला विचारत गेलो. वडील म्हणजे 'ताद', तुझे वडील 'द दाद', माझे वडील 'व न्हाद'. डोकं म्हणजे 'पेन', तुझं 'द बेन', माझं 'व म्हेन'. त वर्ग त वर्गातच फिरतो, प वर्ग प वर्गात. इंग्रज माणसाला हे न्ह आणि म्ह शब्दाच्या सुरुवातीला काढताना घाम फुटत असेल. आपल्याकडे न्हावी आणि म्हैस असल्यामुळे आपली सोय झाली आहे.

आणि हे मी आयुष्यभर शिकवलंच होतं की. वाक् + ईश = वागीश, क चा ग. वाक् + मय = वाङ्मय, क चा ङ. जगत् + ईश = जगदीश, जगत् + नाथ = जगन्नाथ. फळ्यावर लिहायचं, मुलांनी पाठ करायचं. पण ही जिवंत माणसांच्या तोंडात आजही रोज घडणारी गोष्ट आहे, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी नातीनं सांगितलं. वेल्सच्या हद्दीवर स्वागताची पाटी असते, तिच्यावर देशाचं नावसुद्धा बदलूनच लिहिलेलं असतं. देश 'कम्री', पण 'मध्ये स्वागत' म्हणताना 'गम्री'.

आपलं काय वेगळं आहे? आपल्याच जिल्ह्यातलं, ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली ते नेवासे घ्या. गावाचं नाव नेवासे, पण आपण जातो नेवाशाला. राहुरीला जाताना राहुरी बदलत नाही, पण अकोल्याला जाताना अकोले बदलतं. घोड्याला म्हणतो, पण मामाला, माम्याला नाही. भिंतीला म्हणतो आणि विटेला म्हणतो. भिंतही स्त्रीलिंगी, वीटही स्त्रीलिंगी. का? जन्मानं मराठी असलेल्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही. शाळेत याला सामान्यरूप म्हणतात आणि दोन मार्कांना विचारतात.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी शेवटी शोधून काढलं. घोडा चं जसं घोड्या होतं, तसं ससा चं सस्या व्हायला हवं. पण य हा तालव्य, टाळूवरचा. स दातांजवळचा. य शेजारी आला की स ला आपल्याकडे ओढून घेतो, त्याचा श होतो आणि य स्वतः विरघळून जातो. म्हणून सशाला, माशाला, पैशाला, आरशात, नेवाशात. असंच 'चमचा' आणि 'चमचे' मोठ्यानं म्हणून पाहा. अक्षर तेच, पण च एक नाही. ए समोर येताच तोही टाळूकडे सरकतो. आपण दिवसातून शंभर वेळा हे करतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

आणखी एक गंमत. वेल्शमध्ये 'त्याचं' आणि 'तिचं' दोन्हींना 'इ'च म्हणतात, मग बदल वेगळे का? जाणकार सांगतात की फार पूर्वी 'त्याचं'च्या शब्दाला शेवटी स्वर होता आणि 'तिचं'च्या शब्दाला स. ते शेवट झिजून गेले, पण जाताना पुढच्या शब्दावर खूण ठेवून गेले. आपल्या 'घराला' मधला मधला आ असाच आहे. संस्कृत षष्ठीचा स्य प्राकृतात स्स झाला आणि मराठीत येईपर्यंत त्याचा नुसता आ उरला, असं सांगतात. गेलेल्या माणसाची खुंटीला टांगलेली टोपी, तसं. घरच्यांना तिची सवय असते. बाहेरून आलेलाच विचारतो, ही कुणाची?

तर मुद्दा असा. मी नातीला विचारलं, "तू वेल्शमध्ये चुकत नाहीस?" ती म्हणाली, "खूप चुकते. पण टीचर म्हणतात, आधी बोला, बदल आपोआप येतील. आणि आबा, तिथं कुणी हसत नाही." आपण हसला होतात असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती.

२०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे शंभरात अठरासुद्धा नाहीत. २०५० पर्यंत दहा लाख करायचे असं तिथल्या सरकारनं ठरवलं आहे. एकेका नवशिक्याची किंमत त्यांना कळते. आपण २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होतो. म्हणून आपल्याला वाटतं, एक मूल गप्प झालं तर काय बिघडलं?

मी गप्प केलेलं ती पहिलं मूल नव्हे, हे आता लिहूनच टाकतो. पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. घरी 'पानी' म्हणणारा. वाचताना प्रत्येक ण ला मी त्याला थांबवलं, सगळ्या वर्गासमोर, भाषा शुद्ध व्हावी म्हणून. दिवाळीनंतर त्यानं वाचायला हात वर करणं सोडलं. मी समजलो, अभ्यासात कच्चा आहे. तो चेहरा हल्ली वरचेवर आठवतो.

कुणी म्हणेल, मास्तर, मग व्याकरण शिकवायचंच नाही का? शिकवायचं. लिहिताना नियम लागतोच. पण क्रम उलटा नको. आणि बोलण्यातली चूक सुधारायची एक साधी रीत आहे, ती मला फार उशिरा कळली. मूल म्हणालं, "मी ससाला गाजर दिलं," तर आपण म्हणावं, "हो का? मग सशाला आवडलं का गाजर?" बस्स. बरोबर रूप कानावर पडलं, बोलणं तुटलं नाही आणि मान खाली गेली नाही. आई तान्ह्या मुलाशी हेच करते, तिला कुणी बी. एड. करायला लावत नाही.

सध्या मी रोज सकाळी चहानंतर वीस मिनिटं वेल्श शिकतो. 'व ङ्हाथ' ऐवजी हटकून 'व काथ' म्हणतो. नात हसत नाही. म्हणते, "आबा, तुमचं ङ्हाथ काय करतंय?" कोणत्या रीतीनं सुधारतेय ते माझ्या लक्षात येतं. मीही काही बोलत नाही.

गेल्या रविवारी बोलता बोलता ती मराठीत म्हणाली, "आबा, इथे खूप पाऊस आहे, मी पाऊसात शाळेत गेले."

मी विचारलं, "अरे वा, पावसात? छत्री होती ना?"

असो. तुमच्या घरात सुट्टीला येणारी नातवंडं असतील, पुतणे-भाचे असतील, मराठी शिकू पाहणारी परप्रांतातली सून असेल, तर या वेळी हसू आवरा. एवढंच सांगायचं होतं.