दुःखाचे मूळ जातीत आहे, म्हणून उपचार नाकारायचा का?

कार्यकर्त्यांच्या बैठकीत समुपदेशनाचा विषय काढला की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले असे: "हे पुण्या-मुंबईच्या सवर्णांचे चोचले आहेत, आपल्या माणसाला आधी काम द्या." दुसरे जरा वैचारिक असते: "दुःख व्यवस्थेने दिले आहे. व्यवस्था बदलायची सोडून तुम्ही माणसालाच दुरुस्त करायला निघालात. यातून बंडाची धार बोथट होते."

पहिल्या उत्तरावर फार वेळ घालवत नाही. ज्याला महिनाभर झोप नाही, त्याला काम दिले तरी ते टिकत नाही, हे कोणत्याही वस्तीतली बाई सांगेल. दुसरे उत्तर मात्र गंभीर आहे, कारण ते अर्धे खरे आहे.

ते अर्धे सत्य आपल्या यवतमाळ जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून जिल्ह्याच्या नावामागे 'आत्महत्याग्रस्त' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. पण सरकारी मदतीचे निकष पाहा. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, वसुलीचा तगादा होता का? या चाळणीतून जो गळला तो 'अपात्र'. दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला तर या चाळणीपर्यंत पोचताच येत नाही. सातबारा नाही, तर दुःखही नाही!

आता आकडे घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे मजूर जास्त. त्याच वर्षी देशातल्या एकूण १,७०,९२४ आत्महत्यांपैकी ४४,७१३ रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या होत्या, आणि या आकड्यात शेतमजूर धरलेलेच नाहीत. २०१७ मध्ये आपल्याकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. त्यांतही पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या पऱ्हाटीत शिरलेले मजूर होतेच. ज्यांना जमीन मिळू दिली गेली नाही ते कोण, हे या लेखाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

तेव्हा दुःखाचे मूळ समाजात आहे, हे शंभर टक्के मान्य. प्रश्न पुढचा आहे. मूळ समाजात असले तरी ते ठणकते कुठे? एका माणसाच्या छातीत, रात्री तीन वाजता. लाठीमारात कार्यकर्त्याचा हात मोडला तर आपण पोलिसांचा निषेध करतो आणि हाताला प्लास्टरही घालतो. प्लास्टर घातले म्हणून निषेध बोथट झाला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग मनाच्या बाबतीतच हा कडक नियम का?

मला वाटते, याचे कारण वैचारिक कमी आणि मर्दानगीचे जास्त आहे. आपल्याकडे रडणारा कार्यकर्ता कच्चा समजला जातो. परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला पोरगा खचला, की त्याला ऐकवतात, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुला काय झालं रडायला?" महामानवाचे नाव घेऊन एका खचलेल्या पोराला आणखी दोन फूट खाली ढकलायचे, हा कसला आंबेडकरवाद? बाबासाहेब स्वतः काय लपवत होते? बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर कमाटी बागेत बसले असताना, एखाद्या निराधार लेकरासारखी आपल्याला आई-वडिलांची आठवण आली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले मोडून पडणे झाकलेले नाही. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, त्यानंतर ते कित्येक दिवस लहान मुलासारखे रडत होते, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याची घोषणा झाली. रडल्याने त्यांची कोणती धार कमी झाली, हे मला कोणीतरी दाखवून द्यावे.

आणि धम्म? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दुःखाकडे सामाजिक अंगाने पाहणारे बाबासाहेबच, मन हे सगळ्याच्या केंद्रस्थानी असणे हे बुद्धाच्या शिकवणीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून मांडतात. व्यवस्था की मन, असा झगडा त्यांनी लावलेला नाही. तो आपण लावला.

आपल्या वस्तीत कोणी 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. "जीव घाबरते", "डोकं चालत नाही", "अंगात ताकदच नाही", "कशात मन लागत नाही" असे म्हणतात. बाई डॉक्टरकडे पाठ दुखते म्हणून जाते आणि सलाईन लावून परत येते. पुरुष गुत्त्यावर जातो, आणि त्याचा त्रास पुन्हा बाईच्याच पाठीवर येतो. जिल्ह्यात दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या, त्यामागे असली किती घरे होती! काही जण अजूनही 'बाहेरचं' काढायला मांत्रिकाकडे जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही जातात, हे कबूल केलेले बरे. पुढे काय करायचे याचा दुसरा रस्ता आपण त्यांना दाखवलेला नाही.

साधा ठोकताळा असा: उदासी, झोप उडणे किंवा फार झोप, भूक मरणे, कशातच रस न उरणे, आपण कुचकामी आहोत असे सतत वाटणे, यातली बरीच लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज टिकली आणि कामधंदा अडू लागला, तर दाखवून घ्यावे. मरणाचा विचार येत असेल तर दोन दिवसही थांबू नये.

समुपदेशनाच्या खोलीत काय होते, याबद्दलही गैरसमज फार. तिथे प्रवचन नसते. मोबाइलवरच्या प्रेरणादायी भाषणांचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही. समोरचा माणूस तासभर ऐकतो, प्रश्न विचारतो, ऐकलेले बाहेर सांगत नाही. समजा, वसतिगृहातला एक पोरगा म्हणतो, "मी इथल्या लायकीचाच नाही." समुपदेशक त्याच्यासोबत हे वाक्य उलगडतो. हे पहिल्यांदा कधी वाटले? कोण काय बोलले होते? त्याच्या उलट पुरावा काय आहे? मग हळूहळू दोन गोष्टी वेगळ्या होतात. वर्गात त्याचा आरक्षणावरून अपमान झाला, ही घटना खरी आहे. 'म्हणून मी नालायक' हा निष्कर्ष खरा नाही, तो त्याच्या डोक्यात दुसऱ्यांनी पेरला आहे. पुढच्या आठवड्यासाठी एखादे छोटे काम ठरते: बंद पडलेले फिरणे पुन्हा सुरू करणे, तुटलेल्या मित्राला फोन करणे, तक्रार अर्ज लिहिणे. होय, तक्रार अर्जही उपचाराचा भाग असू शकतो.

इथेच टीकाकारांचे अर्धे सत्य पुन्हा उपयोगी पडते. जात न कळणारा समुपदेशक याच पोराला म्हणेल, "तू फार मनाला लावून घेतोस." मग तो पोरगा पुन्हा त्या दारात येणार नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या दुःखाला नुसती मनाची तक्रार म्हणणे हा दुसरा अन्याय ठरेल. त्या दोघांच्या आयांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेही विद्यापीठांतल्या जातिभेदाविरुद्ध. तेव्हा आपली मागणी जात ओळखणाऱ्या समुपदेशनाची हवी. दिव्या कंदुकुरी यांनी सुरू केलेल्या 'द ब्लू डॉन' या गटाने बहुजनांच्या मानसिक आरोग्यासाठी हेच काम हाती घेतले.

"पण एवढे डॉक्टर आणायचे कुठून?" याचे उत्तर गोव्यात सापडते. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य लोकांना शिकवून समुपदेशक केले. त्यांनी नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले: तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, आणि ज्यांना या बैठका मिळाल्या नाहीत त्यांच्यात ३९ टक्के. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे काम गावातल्याच माणसांनी केले. मग आपल्या विहारात आणि महिला मंडळात अशी चार माणसे तयार होऊ शकत नाहीत का? जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे बाजूला काढले तरी एका प्रशिक्षणाची सुरुवात होईल. (यावरून मला शिव्या पडणार, पडू द्या.)

मात्र आपण केले म्हणून सरकार सुटत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि ती देताना भेदभाव करता येणार नाही अशा कारणांत 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता येतात आणि त्याचा खर्च सरकारने उचलायचा आहे. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असे मानून त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. केंद्राची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येते. राज्याचा 'प्रेरणा प्रकल्प' यवतमाळसह विदर्भ-मराठवाड्यातल्या जिल्ह्यांसाठी आहे. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन तणावातली माणसे हुडकायची आहेत. पण प्रकल्पाच्या नावातच 'शेतकरी' आहे. मजुराच्या झोपडीत ती प्रश्नावली पोचते का, हे आपणच जाऊन विचारले पाहिजे.

त्यासाठी माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरेसा आहे. प्रत्येक तालुक्यातल्या साथींनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात टाकावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मंजूर पदे किती, भरलेली किती? मानसोपचारतज्ज्ञ झरी जामणी, मारेगाव, उमरखेडला महिन्यातून किती वेळा बसतात? 'प्रेरणा'त गेल्या वर्षी तपासलेल्यांत भूमिहीन किती, अनुसूचित जाती-जमातींचे किती? समाजकल्याणच्या वसतिगृहांत समुपदेशक किती वेळा गेले? अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. उत्तरे आली की ती घेऊन एकत्र बसू.