लाइफटाइम ऑइल, पण लाइफ कुणाची?

गाड्यांच्या दुनियेतला सगळ्यात लबाड शब्द कोणता, असं विचारलंत तर बहुतेक जण ‘मायलेज’ म्हणतील. माझं मत ‘लाइफटाइम’ला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल ‘लाइफटाइम’ असतं, ते बदलावं लागत नाही, असं कित्येक गाड्या विकताना सांगितलं जातं. लाइफ कुणाची, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी ह्यूस्टनमध्ये राहतो, सॉफ्टवेअर लिहितो आणि २००४ सालच्या एका शेवरोले सिल्व्हराडो पिकअपचा चौथा मालक आहे. तिच्यात ४एल६०-ई नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं तेल आणि फिल्टर मी घरासमोर, स्वतःच्या हाताने बदलतो. त्यावर आपल्या मराठी मित्रांचा प्रश्न ठरलेला: “अरे, एवढा इंजिनिअर झालास आणि गाडीखाली काय लोळतोस?” त्या प्रश्नाकडे येतोच, आधी तेलाचं बघू.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे जाते ती याच तेलातून. गिअर बदलतो तो याच तेलाच्या दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात म्हणून. आतली उष्णता हेच तेल कूलरपर्यंत वाहून नेतं. आणि क्लच प्लेट किती घसरावी, कधी घट्ट धरावी, हेही या तेलातली रसायनं ठरवतात. एका द्रवाला चार नोकऱ्या. वर उष्णतेचा मारा. तापलं की तेल ऑक्सिडाइज होतं, त्यातली रसायनं संपत जातात आणि क्लच प्लेटांचा झिजलेला भुगा त्यातच फिरत राहतो. हे कुठल्याही कंपनीचं तेल असो, रसायनशास्त्र सगळ्यांना सारखंच लागू आहे.

माझ्या जुन्या गाडीच्या कंपनीला हे मान्य होतं. गाडी कष्टाची असेल तर ५० हजार मैलांवर तेल आणि फिल्टर बदला, असं त्या काळी सांगितलं जायचं. कष्टाची म्हणजे कोणती? ३२ अंशांच्या वर तापमान असताना शहरातली गर्दी, चढउतार, मागे ट्रेलर ओढणं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात नुसतं ऑफिसला जाऊन आलात तरी तुम्ही या यादीत बसता.

मग ‘लाइफटाइम’ आलं कुठून? इथे एक गंमत बघा. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक मोठ्या ब्रँडना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्यातले काही ब्रँड वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला सांगत आले की तेल लाइफटाइम आहे. आणि खुद्द गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा तेल बदला. बनवणारा आकडा देतो, विकणारा विशेषण देतो.

विशेषणाचा हिशोबही साधा आहे. अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी बऱ्याच ठिकाणी ५ वर्षं किंवा ६० हजार मैल असते. सर्व्हिसचा खर्च कमी दिसला की नवी गाडी खपते. तेल न बदलताही गिअरबॉक्स तेवढा काळ सहसा तग धरतो. तोवर पहिला मालक गाडी विकून मोकळा झालेला असतो. दुसराही बहुतेक सुटतो. गिअर घसरायला लागतात तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात.

आणि इथे जुन्या पिकअपचा तिसरा-चौथा मालक कोण असतो? छपराची कौलं बसवणारा, लोकांच्या अंगणातलं गवत कापणारा, रंगकाम करणारा. त्याची गाडी हेच त्याचं दुकान. शे-सव्वाशे डॉलरचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदललं नाही, म्हणून काही हजार डॉलरचा गिअरबॉक्स त्याच्या गळ्यात पडतो, आणि काम बुडतं ते वेगळंच. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतो: आज काम टाळायचं आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर व्याजासकट ठेवायचं. इथे पुढचा माणूस नेमका सगळ्यात कमी पैशांचा असतो. माझा राग याच्यावर आहे.

“पण आता तेलं सुधारली ना?” सुधारली. सिंथेटिक तेलं जुन्या तेलांपेक्षा नक्कीच जास्त टिकतात. बंद गिअरबॉक्समध्ये कुणी चुकीचं तेल ओतण्याचा धोकाही कमी होतो, हेही खरं. पण जास्त टिकणं आणि कायम टिकणं यात फरक आहे. जास्त टिकत असेल तर आकडा वाढवा. आकडाच काढून टाकायचं कारण काय?

आकड्याबरोबर डिपस्टिकही गेली. माझ्या पिकअपमध्ये इंजिन गरम करून, चालू ठेवून ती पट्टी बाहेर काढली की तेलाची पातळी, रंग आणि वास तिन्ही कळतात. लाल असेल तर ठीक, काळं आणि करपट असेल तर काळजी. आजच्या बऱ्याच गाड्यांत ही पट्टीच नाही. गाडी सपाट उचलायची, तेल ठरावीक तापमानाला आणायचं आणि खालचा प्लग उघडून पातळी बघायची. सर्व्हरवरचे लॉग काढून टाकायचे आणि वर म्हणायचं, एरर कुठे दिसतोय!

उलट अ‍ॅलिसन कंपनीचे बस-ट्रकमधले गिअरबॉक्स बघा. त्यांच्यात तेलाचं, फिल्टरचं उरलेलं आयुष्य ड्रायव्हरला स्क्रीनवर दिसू शकतं. म्हणजे तंत्रज्ञान आहे. शंभर बसगाड्यांचा मालक हिशोब मागतो, त्याला आकडा मिळतो. एका पिकअपचा मालक मागत नाही, त्याला ‘लाइफटाइम’ मिळतं.

या लबाडीला जोड मिळते ती अंधश्रद्धेची. “जुन्या गाडीचं तेल बदलू नकोस, बदललं की गिअरबॉक्स बसतो,” हे मला इथल्या एका गॅरेजवाल्यानेही ठासून सांगितलं. बसतो, कारण बरेच लोक तेल बदलायला जातात ते गिअर घसरायला लागल्यावर. तेव्हा क्लच प्लेटा आधीच संपलेल्या असतात. दवाखान्यात माणसं मरतात म्हणून दवाखान्यात जाऊ नका, असं म्हणण्यासारखं आहे हे. गाडी नीट चालतेय तेव्हाच तेल बदलायचं असतं. आणि मशीन लावून नुसतं ‘फ्लश’ करून देणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: फिल्टर बदललात का? खालचा पॅन उघडल्याशिवाय माझ्या गाडीचा फिल्टर हाताला लागत नाही.

काम तरी किती अवघड आहे? गाडी जॅकवर नाही, भक्कम स्टँडवर घ्यायची. पॅनचे १६ बोल्ट सोडवायचे, एक कोपरा झुकवून तेल ओतून घ्यायचं. फिल्टर ओढून काढायचा, त्याचं जुनं सील वर अडकलेलं असतं, तेही जपून काढायचं. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी चिखल असेल तर घाबरायचं नाही, धातूचे तुकडे असतील तर घाबरायचं. नवं सील, नवा फिल्टर, नवं पॅकिंग. बोल्ट हलक्या हाताने, सगळीकडे सारखे आवळायचे. मग जुन्या डेक्स्रॉन-३ ऐवजी आलेलं डेक्स्रॉन-६ डिपस्टिकच्या नळीतून भरायचं आणि गरम इंजिनावर पातळी बघायची.

पॅनमधून साधारण ४.७ लिटर तेल निघतं, गिअरबॉक्समध्ये एकूण असतं सुमारे १०.६ लिटर. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणजे एकदा बदललं की ४४ टक्के तेल नवं, थोडं फिरवून पुन्हा बदललं की ६९ टक्के, तिसऱ्यांदा ८३. एवढं गणित बारावी सायन्सच्या कुणालाही जमेल.

आता मित्रांचा प्रश्न. एवढं शिकून गाडीखाली का? चार वर्षं इंजिनिअरिंग करून ज्याला स्वतःच्या गाडीचा पॅन उघडणं कमीपणाचं वाटतं, त्याला ‘लाइफटाइम’ विकणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून. हात काळे करणं हे दुसऱ्यांचं काम, हे आपण घरूनच शिकून येतो. कंपन्या आपल्या याच सवयीवर धंदा करतात. उघडू नका म्हटलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो.

तुम्हाला गाडीखाली झोपायचं नसेल तर नका झोपू. पण गाडी घेताना शोरूममध्ये एक प्रश्न विचारा: गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं? ‘लाइफटाइम’ असं उत्तर आलं तर हटू नका, किलोमीटरमध्ये सांगा म्हणावं. आणि तुम्ही विकलेली गाडी पुढे कुणाच्या तरी पोटापाण्याची होणार आहे, तेव्हा तुमच्या हातात असतानाच ते तेल एकदा बदलून घ्या.