बेगमी आणि भीती

भाव वाढल्याची बातमी आली की वाण्याच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइके दिसू लागतात. काहींनी वर्षाची बेगमी करायचे आधीच ठरवलेले असते, तर बाकीची बातमीने घाबरलेली असतात. पिशव्या दोघांच्याही भरतात. फरक हिशेबात पडतो.

उभी हयात बँकेत गेल्यामुळे धान्याच्या कोठीकडेही खातेवहीसारखे पाहायची मला खोड आहे. समजा, एप्रिलात ३४ रुपयांनी घेतलेला गहू दिवाळीत ३८ रुपये झाला, तर सात महिन्यांत जवळजवळ १२ टक्के सुटले. कोणती मुदत ठेव एवढे देते? जुन्या गृहिणींना हे गणित कुणी शिकवले नव्हते. पण रब्बीचा गहू-ज्वारी बाजारात उतरली की घ्यायची, हळद-तिखट उन्हाळ्यातच करून ठेवायचे, हे पंचांग त्यांना तोंडपाठ होते. गहू कडक उन्हात वाळवायचा, डाळीला एरंडेलाचा हात लावायचा, कोठीत कडुलिंबाचा पाला घालायचा. कांदा घ्यायचा तो उन्हाळी, कारण तोच टिकतो. आणि नवा कांदा येईपर्यंत, ऐन सणासुदीत, भाव चढतात हेही त्यांना ठाऊक असे. रवा-मैदा मात्र कुणी वर्षाचा भरत नसे.

भीतीच्या खरेदीला असे पंचांग नसते. एप्रिल २०२२मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. खाद्यतेलाची अर्ध्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो, त्यामुळे इकडे लोकांनी डबेच्या डबे घरी आणले. महिन्याभरात बंदी उठली आणि पुढे जागतिक बाजारात पामतेल कोसळले. ज्यांनी डबे भरले, त्यांनी नेमके चढ्या भावाचे तेल पुढचे कित्येक महिने खाल्ले. शिवाय एकदम उसळलेल्या अशा मागणीने भाव आणखी चढतो तो वेगळाच, आणि तो सोसणारा भलताच कुणी असतो.

मला खरे बोलायचे आहे ते त्याच्याविषयी. २०१४ आणि २०१५ या लागोपाठ दोन वर्षी पाऊस कमी झाला आणि २०१५च्या ऑक्टोबरात शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. सरकारने व्यापाऱ्यांच्या साठ्यांवर मर्यादा घातल्या, छापेही पडले. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी तेव्हा पाव-पाव किलो डाळ नेत. पुढे पुढे तीही सुटली, मसुरीवर भागू लागले. सुट्टा माल नेहमी महागच पडतो. 'स्वस्त असताना भरून ठेवावे' हा शहाणपणा मावशींना आपण काय सांगणार? एप्रिलात हातात पैसा लागतो आणि घरात कोरडी जागा. त्यांना तर जूनच्या वह्या-पुस्तकांची चिंता तेव्हाच लागलेली असते. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात डाळ-तेलाची हमी नाही.

बँकेत आम्हाला सणाची उचल मिळे, बिनव्याजी, दहा हप्त्यांत फेडायची. त्या पैशांत कित्येकांच्या घरची कोठी भरत असे. पगारदारांना जी सोय सहज मिळत आली, ती आपल्या घरी राबणाऱ्या बाईला द्यायला कायदा लागत नाही. आमच्या इमारतीतल्या सहा घरांनी मिळून मार्चअखेर अशी उचल द्यायला सुरुवात केली, त्याला आता तीन वर्षे झाली. 'हे पैसे बुडणार' असे सांगणारे शेजारी भेटलेच. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही.

पहिल्या वर्षी मावशी पैसे घेईनात. पावसात त्यांच्या खोलीला ओल येते, डाळ ठेवणार कुठे? म्हणून त्यांचा पंधरा किलोचा डबा आमच्या स्वयंपाकघरात, आमच्याच डब्याशेजारी ठेवला. एरंडेलाचा हात त्यांनी स्वतः लावला. आमच्या डाळीलाही लावून दिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मापाने मोजून सव्वा किलो नेतात.