परदेशातून काय आणावे?

परदेशची पहिली वारी माणसाला पुष्कळ शिकवते. पण शिकलेले घरी कामी आले तरच ती सार्थकी लागते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आम्हाला म्हणूनच मोलाचे वाटते.

१८८३ साली त्या प्रथमच इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ स्त्रियांची मायेने सेवा करीत होत्या. हे कशाच्या बळावर, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना बायबलातील कथा वाचून दाखविण्यात आली: यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत, त्या शोमरोनी लोकांतील एका स्त्रीशी येशू विहिरीपाशी बोलला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण स्वतःची विचारबुद्धी गहाण टाकली नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे केडगावला समाजाने टाकलेल्या स्त्रियांनाही आसरा दिला.

बंधुभगिनींनो, आपले पूर्वज समुद्र ओलांडूनच या बेटावर आले. आज आपली मुले शिक्षणासाठी परदेशी जातात. येताना पेट्या भरून सामान आणतात, त्याला आमची ना नाही. पण ज्यांना आपण दारात उभे करीत नाही, अशांना तिकडे कसे वागवतात, हेही मुलांना विचारावे. धर्म कोणताही असो, त्याचा कस दयेतच लागतो.