वीज-नोंदयंत्राची पहिली जोडणी

भिवंडीनजीकच्या शेलार परिसरात यंत्रमाग आणि शेती शेजारी शेजारी नांदतात. मागाच्या गाळ्यात विजेच्या प्रत्येक युनिटाचा हिशेब ठेवला जातो. याउलट राज्यातील पुष्कळ कृषिपंपांस मीटरच नाही. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली आहे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ५५ व्या कलमाने मीटरद्वारेच वीजपुरवठा करण्याचे बंधन घातले, तरी ही स्थिती पुरती पालटलेली नाही. मीटर नसला की वापर अंदाजाने धरावा लागतो. आणि अंदाज फुगला, तर वाटेत होणारी गळतीही शेतकऱ्याच्या माथी बसते.

२०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस राज्यात मोफत वीज देण्याची योजना सुरू झाली. मग मोजावयाचे कशास, असा प्रश्न साहजिकच निघेल. परंतु ही वीज शेतकऱ्यास मोफत असली तरी तिचे मोल शासनाच्या तिजोरीतून जाते. ते किती व कोणाच्या नावे जाते, हे खऱ्या आकड्यांवाचून कळणार नाही. म्हणून गावातील निवडक पंपांवर ‘एनर्जी लॉगर’ म्हणजे वीज-नोंदयंत्र काही दिवस बसविणे हिताचे आहे. मात्र ते घाईने बसवू नये. नोंद नसणे परवडते; खोटी नोंद परवडत नाही, कारण छापील आकड्यावर सर्वांचा विश्वास बसतो.

पहिली दक्षता जिवाची. जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करवावी. मुख्य स्विच बंद करून तारेत वीज नाही याची खात्री करावी आणि ओल्या जागी काम करू नये. भिवंडी भागात २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरेंट पॉवर वीजवितरण पाहते. कंपनीच्या मोहोरबंद मीटरास हात न लावता यंत्र शेतकऱ्याच्या बाजूस, मुख्य स्विचनंतर जोडावे.

दुसरी दक्षता घड्याळाची. वीज दिवसा मिळाली की रात्री, हे नोंदीतील वेळेवरूनच कळते. तारीख व वेळ लावून जुन्या नोंदी पुसाव्यात. दर १५ मिनिटांस एक याप्रमाणे दिवसाच्या ९६ आणि तीस दिवसांच्या २,८८० नोंदी होतात. तेवढी जागा यंत्राच्या स्मृतीत आहे की नाही ते पाहावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची दक्षता चिमट्यांची. तारेभोवती बसणाऱ्या प्रत्येक चिमट्यावर बाण असतो. तो पंपाकडे असावा. ज्या फेजवर चिमटा, त्याच फेजवर त्याच्या जोडीची दाबाची तार हवी. प्रत्येक फेजची शक्ती निराळी मोजून बेरीज करणाऱ्या यंत्रात एक चिमटा उलटा बसला, तर एका फेजची शक्ती वजा होते आणि एकूण आकडा सुमारे एक-तृतीयांशावर येतो. महिनाभराची नोंद अशा एका चुकीने वाया जाते.

ही चूक ओळखण्यास मोठी विद्या लागत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. त्या हिशेबाने पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे काम ३.७ किलोवॉटचे, मोटारीतील घट धरता पूर्ण भारावर ती साधारण साडेचार ते पाच किलोवॉट घेते. यंत्र दीड किलोवॉट दाखवीत असेल, तर दोष बहुधा जोडणीत आहे. मीटर असल्यास पंप एक तास चालवून दोहोंचे युनिट ताडून पाहावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पहिला तास शेतकऱ्याच्या समक्ष घालवावा. पंपाची अश्वशक्ती, जोडणीची वेळ आणि पहिले आकडे वहीत लिहून दोघांनीही सही करावी. ज्या नोंदीचा आरंभ शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिला, तिचा निष्कर्ष त्याच्या बाजूचा असो वा नसो, तो मान्य करण्यास त्यास संकोच वाटणार नाही. आणि कोणी त्याच्या नावे अधिक वीज दाखविली, तर उत्तर देण्यास त्याच्या हाती पुरावा राहील.