चेतक गेली, चेतक परतली

पावसाळ्यात पवनानगरला धरणाच्या भिंतीकडे पाहत उभा राहिलो, की मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. धरण किती भरून घ्यावे? काठोकाठ भरले तर थेंबही वाया जात नाही. पण मग पुराला सामावून घ्यायला जागा उरत नाही. हे पाणी ज्या पिंपरी-चिंचवडला जाते, तिथल्या कारखानदारीपुढेही हाच पेच आहे.

बजाज ऑटोचेच पाहा. परवाना राजवटीत राहुल बजाज यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते; स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. अशा काळात एकच वस्तू स्वस्त आणि भरपूर बनवणे यातच शहाणपण होते. 1972 मध्ये आलेली चेतक हे त्याचेच फळ. पण 1991 नंतर बाजार खुला झाला, तरुण पिढी मोटरसायकलकडे वळली आणि कालची कार्यक्षमता अपुरी पडू लागली.

राजीव बजाज यांनी नव्या रचनेवर भर दिला. 2001 मध्ये पल्सर आली आणि कंपनी सावरली. खरी गंमत पुढेच आहे. हा नवा विचार यशस्वी होताच त्याची शिस्त बनली : करायची ती मोटरसायकलच! 2007 मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबले. 2009 मध्ये स्कूटर बंद करण्याचे जाहीर झाले. वडिलांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली. या एकाग्रतेने निर्यात आणि नफा दिला, हे मान्य करायलाच हवे. पण होंडाच्या अ‍ॅक्टिव्हाने मात्र दाखवून दिले, की स्कूटर संपली नव्हती, फक्त बिनगिअरची झाली होती. 2020 मध्ये विजेवरची चेतक बाजारात आली, आणि 2022 मध्ये तिचा कारखाना सुरू झाला तो आकुर्डीतच.

म्हणून ‘हा कल्पक, तो हिशेबी’ अशी माणसांची वाटणी मला पटत नाही. आज नवे शोधणारा उद्या त्याच शोधाचा पहारेकरी होतो. त्याच्या टेबलाशी ‘साहेब, थोडी जागा रिकामी ठेवा’ असे म्हणणारा कोणी आहे का, हा खरा प्रश्न.

वरिष्ठांची चूक ताळेबंदात एखाद्या वर्षापुरती दिसते. मावळात मात्र अनेक घरांच्या चुली या पट्ट्यातल्या पगारावर पेटतात. तिथे पाळी बंद झाली, की चेतक परत येईपर्यंत थांबण्याची सवड कोणाला असते?